मनातलं बोलणं वेगळं, आवाज ऐकू येणं वेगळं

‘मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस. स्वतःशी तर आम्हीपण बोलतो.’ स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार झालेला माणूस ‘मला आवाज ऐकू येतात’ म्हणाला, की घरचेच त्याला हे ऐकवतात, आणि दर वेळी माझा जीव तुटतो.

मनातलं बोलणं तुम्हाला ठाऊकच आहे: बाजारात पैशांचा हिशोब, भांडणात न सुचलेलं आणि रात्री अंथरुणात सुचलेलं उत्तर. त्यावर अधिक बोलायला नको.

आवाज येणं म्हणजे हेच, फक्त मोठ्याने, असा समज आहे. तो साफ चूक. कित्येकांना नुसती कुजबुज ऐकू येते. आवाज बाहेरून येतो की डोक्यातून, यानेही निवाडा होत नाही, दोन्ही घडतं. खरा प्रश्न एकच: बोलतंय कोण?

आपण तोंड उघडण्याआधीच मेंदू स्वतःच्या श्रवणकेंद्राला वर्दी देतो की येणारा आवाज आपलाच आहे. म्हणून स्वतःच्या बोलण्याला तिथला प्रतिसाद मंद असतो. आपल्याच हाताने गुदगुल्या होत नाहीत, तेही अशाच वर्दीमुळे. मनात बोलतानाही ही वर्दी दिली जाते. ऑस्ट्रेलियातल्या थॉमस व्हिटफर्ड यांच्या गटाने २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. हेडफोनमधून एक अक्षर ऐकवायचं आणि नेमक्या त्याच क्षणी मनात एक अक्षर म्हणायला लावायचं. दोन्ही जुळली की निरोगी माणसांच्या ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखात, त्या आवाजाला प्रतिसाद देणारी लहर दबली. नुकतेच आवाज ऐकलेल्या रुग्णांत मात्र ती वाढली.

वर्दीच बिघडली, तर मनात घडलेल्या वाक्यावर ‘माझं’ हा शिक्का बसत नाही आणि ते परक्याचं होऊन कानी येतं. मला हेच स्पष्टीकरण सर्वांत पटतं. १९९३ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी आवाज येत असताना रुग्णांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, तेव्हा तो ब्रोकाच्या भागात, म्हणजे बोलणं घडवणाऱ्या भागात वाढलेला आढळला. पुढे १९९९ मध्ये श्रवणकेंद्रही त्या वेळी जागं असल्याचं दिसलं. म्हणजे रुग्णाला खरोखर ऐकू येत असतं. ‘काही नाहीये तिथे’ म्हणून वाद घालणं थांबवा.

(आणि स्किझोफ्रेनिया म्हणजे दुहेरी व्यक्तिमत्त्व नव्हे. झोप लागता लागता कुणी हाक मारल्यासारखं वाटलं, तर तो आजारही नव्हे.)

वादाऐवजी विचारा, ‘आवाज काय म्हणतोय?’ तो जिवाला अपाय करायला सांगत असेल, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आणि तोवर त्या माणसाला एकटं सोडू नका.