स्वयंपाकघराचा नळ: वायसरचा की सिरॅमिक डिस्कचा?

दुकानातल्या फळीवर हे दोन नळ शेजारी शेजारी ठेवले, तर नुसतं बघून फरक सांगता येत नाही. तोच क्रोमचा मुलामा, तीच बाकदार मान. पण पाणी अडवायची दोघांची रीत अगदी वेगळी आहे. नळ किती वर्षं चालेल आणि बिघडला तर घरच्या घरी दुरुस्त होईल का, हे त्या रीतीवर ठरतं. त्यामुळे रंगरूपावर वेळ घालवण्याआधी आत काय आहे ते विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

वायसरच्या नळात मूठ फिरवली की आट्यांचा स्पिंडल, म्हणजे आतला दांडा, खाली उतरतो आणि टोकाचा वायसर, म्हणजे रबरासारखी मऊ चकती, पितळी सीटवर, म्हणजे पाण्याच्या भोकाच्या काठावर, दाबून बसतो. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळेच्या कारखान्याने १८४५ साली आट्यांच्या नळाचं पेटंट घेतलं. मूळ कल्पना आजही तीच आहे.

डिस्कच्या नळात दाबणं नाहीच, सरकणं आहे. आरशासारख्या गुळगुळीत दोन चकत्या एकमेकींवर बसवलेल्या असतात. एक जागची हलत नाही, दुसरी मुठीबरोबर फिरते; भोकासमोर भोक आलं की पाणी सुरू. चकत्या सहसा ॲल्युमिना या सिरॅमिकच्या असतात. कठीणपणा मोजायच्या १ ते १० च्या मोहस मापावर ॲल्युमिना ९, तर वाळूतला क्वार्ट्झ ७; म्हणजे वाळूने चकतीवर सहसा ओरखडा पडत नाही.

ओळखायचं कसं? मूठ फिरवून बघा. दोन-तीन फेरे घेत असेल तर वायसर. पाव वळणात, म्हणजे ९० अंशांत, टक्कन थांबली तर बहुधा डिस्क. बहुधा अशासाठी, की पाव वळणाच्या काही नळांत बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आरपार भोक असलेला फिरता गोळाही असतो. शंका असेल तर दुकानदाराला आतला भाग काढून दाखवायला सांगा, यात संकोच कसला? गरम आणि गार पाण्याला मिळून एकच दांडी असलेल्या मिक्सर नळामध्ये मात्र बहुतेक वेळा डिस्कचीच कार्ट्रिज, म्हणजे चकत्या आत बसवलेला सुटा भाग, असते.

हातांच्या दृष्टीने डिस्क निर्विवाद सरस. हात पिठाचे किंवा तेलकट असले तरी मनगटाने, कोपराने दांडी ढकलता येते. बोटं दुखणाऱ्या वयस्कर माणसांना तर हाच नळ द्यावा. पण म्हणून प्रत्येक घरात डिस्क बसवा, असं मी म्हणणार नाही, कारण पाण्याचा दाब सगळीकडे सारखा नसतो. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा १ मीटर उंच असेल तर साधारण ०.१ बार (बार हे दाबाचं एकक) दाब मिळतो; ५ मीटर उंच असली तरी जेमतेम ०.५ बार. अनेक मिक्सर १ बार किंवा त्याहून जास्त दाब धरूनच बनवलेले असतात. कमी दाबावर त्यांच्या अरुंद वाटांतून पाणी करंगळीएवढं येतं आणि पातेलं भरेपर्यंत ताटकळत उभं राहावं लागतं. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात किमान दाब दिलेला असतो, तो आधी वाचा. दाब कमी असेल तर मोठ्या तोंडाचा वायसरचा नळ खुशाल घ्यावा, त्यात काही जुनाट नाही.

दुसरा प्रश्न गाळाचा. चकती कठीण असली तरी ठिसूळ असते. कण अडकला की चकत्या नीट टेकत नाहीत आणि मागचं रबरी सीलही खराब होतं. नवीन नळ लावण्याआधी पाइप मोकळा सोडून दोन-चार बादल्या पाणी वाहू द्या. प्लंबर घाईत असला की नेमकं हेच राहून जातं आणि मग नवाकोरा नळ गळू लागतो. गाळ नेहमीचाच असेल तर जाळी असलेला अँगल कॉक, म्हणजे नळाआधी भिंतीशी बसणारा छोटा कॉक, लावून घ्या.

गळतीही दोघांची वेगळी. वायसरचा नळ ठिबकायला लागला की घरातलं प्रत्येक जण तो आणखी आवळतं. त्याने वायसर जास्तच चेपतो, चिरतो आणि शेवटी सीट झिजते. मुख्य कॉक बंद करून वायसर बदलणं हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. नवा वायसर घालूनही ठिबकलं तर दोष सीटचा समजावा. डिस्कच्या नळात आवळण्याचा उपयोगच नाही. जोर लावलात तर आतला अडसर तुटेल. तिथे अख्खी कार्ट्रिज बदलावी लागते, आणि ती अंदाजाने आणू नये. कार्ट्रिजच्या ज्या टोकावर मूठ बसते, त्यावरचे दाते कुठे २० असतात, कुठे २४. मिक्सरची कार्ट्रिज सहसा ३५ मिलिमीटरची असते किंवा ४० ची. दोन मुठींच्या नळात डावी-उजवी कार्ट्रिजही उलटसुलट फिरणारी असू शकते. जुनी काढून सोबतच न्या.

धार मात्र हळूहळू बारीक होत गेली असेल, तर कार्ट्रिजला हात लावण्याआधी तोंडाशी असलेला एअरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळणारी जाळीची टोपी, फिरवून काढा. त्याच्या जाळीत क्षार आणि वाळू साचते. ती व्हिनेगरमध्ये भिजवून, जुन्या टूथब्रशने घासून परत बसवा.