तिकांड्याची वेळ आणि ॲग्नेसची चूक

आमच्या आजोबांकडे घड्याळ नव्हतं. यवतमाळकडच्या आमच्या वावरात कपाशी-तुरीवर रोही, रानडुकरं तुटून पडत, म्हणून ते जागलीला जात. मार्गशीर्षात तिकांडं, म्हणजे मृगातले एका ओळीतले तीन तारे, डोक्यावर आलं की मध्यरात्र झाली, एवढा हिशेब त्यांना पुरायचा.

आयर्लंडमधल्या स्किबरीन गावात एक बँक मॅनेजर हेच करायचा, पण दुर्बिणीतून. ठरलेला तारा उत्तर-दक्षिण रेषा कधी ओलांडतो ते पाहून तो घड्याळ लावायचा आणि गावाला वेळ सांगायचा. त्याची मुलगी ॲग्नेस क्लार्क, जन्म १८४२. शिक्षण बहुतेक घरीच. वेधशाळेत नोकरी कधीच नाही. तरी १८८५ साली तिनं एकोणिसाव्या शतकातल्या खगोलशास्त्राचा इतिहास सामान्य वाचकांसाठी लिहिला आणि तो खगोलशास्त्रज्ञांनीही वाचला.

वेळ मोठी नामी होती. तारा कुठं आहे हे आधीपासून मोजता येत होतं. तो कशाचा आहे, हे कळायची सोय नव्हती. १८५९ च्या सुमारास किरखॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की प्रकाश लोलकातून फाकला की जो रंगांचा पट्टा होतो, त्यात प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रेषा उमटवतं. मिठाची चिमूट चुलीत टाकली की जाळ पिवळा होतो ना? तो सोडियमचा पिवळा. सूर्याच्या पट्ट्यात नेमक्या त्याच जागी काळ्या रेषा दिसतात, म्हणजे सोडियम तिथंही आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा पट्टा पाहिला. रेषा इतक्या झळझळीत होत्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या त्याला सापडल्या. असलं सगळं तीन-चार भाषांतल्या नियतकालिकांत विखुरलेलं होतं. ॲग्नेसनं ते वाचून एका धाग्यात ओवलं. मला हे काम वेध घेण्याइतकंच कष्टाचं वाटतं. वेधही तिनं घेतले म्हणा: १८८८ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या वेधशाळेत काही काळ राहिली.

पण एका ठिकाणी ती ठाम चुकली. आकाशातले धुरकट ठिपके म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची वेगळी विश्वं असूच शकत नाहीत, असं तिनं १८९० मध्ये लिहिलं. तेव्हा बहुतेकांचं मत तेच होतं. १९२० च्या दशकात हबल या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञानं देवयानी तारकासमूहातल्या ठिपक्याचं अंतर काढलं, तेव्हा तो ठिपका आकाशगंगेच्या पार बाहेरचा निघाला. आजच्या मोजणीनं सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर.

मार्गशीर्षात दिवेलागणीनंतर, अंधाऱ्या पक्षात, तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. डोक्यावरून जरा उत्तरेला, कापसाच्या पुसट बोंडासारखा. तिकांडं तेव्हा नुकतंच पूर्वेला उगवत असतं.