डुलणारी गाडी आणि बिचारा कोनसेट

जुनी यामाहा आरएक्स १०० ताशी साठच्या पुढे डुलायला लागली की ‘कोनसेट (म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं ती बेअरिंग) आवळून घे’ हा सल्ला ठरलेला. पण कोनसेट गरजेपेक्षा घट्ट केला तर हँडल जड होतं आणि हळू चालवतानाही गाडी नागमोडी जाते.

मेन स्टँडवर पुढचं चाक अधांतरी ठेवा, फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) खालून धरून मागेपुढे हलवा. हँडलखालच्या सांध्यात टक् जाणवलं, तरच कोनसेट ढिला. हँडल सावकाश फिरवताना मधोमध अडकलं, तर कोनसेटच्या वाट्यांना खड्डे पडलेत. तिथे आवळून काय होणार? सेटच बदला.

पुष्कळदा खरा चोर मागे असतो. मागचं चाक धरून आडवं हलवा. चाकासोबत चिमटाही (मागचं चाक धरणारी चौकट) सरकला, तर त्याच्या सांध्यातले बुश झिजलेत. फक्त चाकच हललं, तर चाकाचं बेअरिंग.

आणि हो, पान्याला हात लावण्याआधी टायरमधली हवा बघा.