ट्रॉपिक थंडरच्या मागची वीस वर्षं

ट्रॉपिक थंडर हा बेन स्टिलरचा कॉमेडी पिक्चर, व्हिएतनाम युद्धावरचा पिक्चर करायला निघालेल्या नटांची टिंगल करणारा. त्याचं नाव काढलं की लोकांना शिव्या, बाहेर आलेली आतडी आणि टॉम क्रूझचा तो नाच आठवतो, पण ही आयडिया स्टिलरच्या डोक्यात कुठून आली हे कळलं की हा पिक्चर नुसता धिंगाणा वाटत नाही. १९८७ च्या एम्पायर ऑफ द सनमध्ये त्याला छोटासा रोल होता, आणि त्याच काळात त्याचे नट मित्र व्हिएतनामवरच्या पिक्चरसाठी बूट कॅम्पला, म्हणजे सैनिकी ट्रेनिंगला जायचे आणि परत आले की असं बोलायचे जसं काही खरोखरची लढाई लढून आलेत.

हे बूट कॅम्प प्रकरण समजून घ्यायलाच हवं. १९८६ च्या प्लॅटून या व्हिएतनामवरच्या पिक्चरसाठी डायरेक्टर ऑलिव्हर स्टोनने डेल डाय नावाच्या निवृत्त मरीन कॅप्टनला बोलावलं आणि त्याने नटांना फिलिपिन्सच्या जंगलात नेऊन खड्डे खणायला लावले, सैनिकांचं डबाबंद खाणं दिलं, आंघोळ नाही, रात्री स्फोट करून झोपू द्यायचं नाही. पिक्चरला बेस्ट पिक्चरचं ऑस्कर मिळालं आणि मग युद्धपट म्हणजे कॅम्प हवाच असं होऊन बसलं. त्याच्या आधी अपोकॅलिप्स नाऊ या व्हिएतनामवरच्याच पिक्चरचं शूटिंग झालेलं, तेही फिलिपिन्समध्येच, वादळात सेट उद्ध्वस्त, मुख्य नट मार्टिन शीनला हार्ट अटॅक, बजेट हाताबाहेर, आणि १९९१ मध्ये त्या सगळ्या हालांवरच वेगळी डॉक्युमेंटरी आली. ट्रॉपिक थंडरमधला डायरेक्टर हैराण होऊन नटांना छुपे कॅमेरे लावलेल्या जंगलात सोडून देतो ते या सगळ्यातूनच आलंय.

स्टिलर, जस्टिन थेरो आणि एटन कोहेन यांनी मिळून स्क्रिप्ट लिहिली, शूटिंग २००७ मध्ये हवाईच्या कावाई बेटावर झालं आणि पिक्चर ऑगस्ट २००८ मध्ये आला. एक गोष्ट मला फार आवडते, कॅमेरामन होता जॉन टोल, म्हणजे ज्याने द थिन रेड लाइन हा युद्धपट शूट केला तोच, त्यामुळे हिरवंगार जंगल आणि धूर अगदी अस्सल युद्धपटासारखे दिसतात आणि त्यात ही माणसं एकमेकांशी रोलवरून भांडत असतात, हसू तिथेच येतं.

क्रूझचा लेस ग्रॉसमन मूळ स्क्रिप्टमध्ये नव्हताच. स्क्रिप्ट वाचून यात स्टुडिओचा मालक पाहिजे असं क्रूझनेच सुचवलं, जाडजूड हात त्याचीच कल्पना, नाचही त्याचाच. आता हे लक्षात घ्या की २००६ मध्ये पॅरामाउंट या स्टुडिओने क्रूझशी असलेला करार जाहीरपणे संपवला होता आणि हा पिक्चर वितरित केला तो पॅरामाउंटनेच.

रॉबर्ट डाउनी ज्युनियरचा कर्क लाझारस हा ऑस्ट्रेलियन नट रोलसाठी कातडीचा रंग बदलून कृष्णवर्णीय सार्जंट होतो. यावर आजही वाद होतो, पण लेखकांनी त्याच्या शेजारी ब्रँडन टी. जॅक्सनचा अल्पा चिनो हा खराखुरा कृष्णवर्णीय रॅपर उभा केलाय जो त्याला जागच्या जागी सुनावतो की हे काय चाललंय तुझं. टीका पिक्चरच्या आतच आहे म्हणून मला तो भाग पटतो, डाउनीला ऑस्करचं नॉमिनेशनही मिळालं (अवॉर्ड द डार्क नाइटसाठी हीथ लेजरला गेलं).

सिंपल जॅक या पिक्चरमधल्या पिक्चरचं मात्र तसं नाही. स्टिलरचं पात्र अवॉर्डच्या आशेने त्यात एका बौद्धिक दिव्यांग माणसाचा रोल करून आपटलेलं असतं, आणि जंगलात लाझारस त्याला समजावतो की अशाच रोलसाठी रेन मॅनला ऑस्कर मिळालं, फॉरेस्ट गंपला मिळालं, पण आय अ‍ॅम सॅमच्या शॉन पेनला नाही, असं का. नटांच्या हावरेपणावर इतकं नेमकं कोणी क्वचितच लिहिलंय. पण त्या बोलण्यात एक अपमानाचा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आपल्याकडे मतिमंद हा शब्द लोक सर्रास शिवीसारखा वापरतात तसाच, आणि म्हणून स्पेशल ऑलिम्पिक्स ही बौद्धिक दिव्यांगांची संस्था आणि इतर संस्थांनी विरोध केला, लॉस एंजेलिसच्या वेस्टवूडमध्ये प्रीमियरच्या बाहेर निदर्शनं झाली. पिक्चर नटांवर हसतो, दिव्यांगांवर नाही हे स्टिलरच्या बाजूचं म्हणणं मला खरं वाटतं, पण निदर्शनं करणाऱ्यांचं दुखणंही मला खरंच वाटतं. कारण लाझारसला सुनावायला अल्पा चिनो तिथे होता, आणि या सीनमध्ये फक्त दोन नट आहेत, ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यांच्यातलं कोणीच नाही.