मोडलेला माणूस, वाकलेला माणूस

हुकूमशाहीवरच्या कादंबऱ्यांची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास येतं: "त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं." नौपाड्यातल्या आमच्या वाचनगटात ऑर्वेलची '१९८४' आणि क्लाउस मान यांची 'मेफिस्टो' लागोपाठ वाचून झाल्या, तेव्हा गटातल्या एका निवृत्त काकांनी दोन्ही नायकांबद्दल हेच म्हटलं. '१९८४'मधल्या विन्स्टन स्मिथबद्दल ते खरं आहे. 'मेफिस्टो'मधला नट हेंड्रिक हॉफगेन याच्याबद्दल ते इतक्या सहजासहजी म्हणता येत नाही. छळाखाली मोडलेला माणूस आणि सोयीसाठी वाकलेला माणूस, दोघंही शेवटी "माझा नाइलाज होता" असंच म्हणतात. शब्द सारखे असल्यामुळे आपण त्या दोघांना एकाच रांगेत उभं करतो. चांगली कादंबरी मात्र त्यांना वेगळं काढते आणि तेही न्यायाधीशाची खुर्ची न घेता.

आधी विन्स्टन. १९४९ साली आलेली ही कादंबरी बहुतेकांच्या लक्षात राहते ती खोली क्रमांक १०१ मुळे. उंदरांचा पिंजरा तोंडासमोर येतो आणि विन्स्टन ओरडतो की हे माझ्याऐवजी ज्यूलियाला, म्हणजे त्याच्या प्रेयसीला, करा. त्या क्षणी त्याच्याकडे निवड उरलेलीच नाही. मारहाण, उपासमार, विजेचे झटके असं सगळं करत महिनोन्महिने त्याच्यातला निवड करणारा माणूसच संपवत आणलेला आहे. तिथे विन्स्टनला दोषी धरणं म्हणजे छळणाऱ्याचं काम आपण पूर्ण करून देणं. माझ्या लेखी त्या खोलीत जबाबदार एकच माणूस आहे: ओब्रायन, आधी भूमिगत विरोधक असल्याचं भासवून विन्स्टनला फसवणारा आणि मग त्याचा छळ करणारा सत्ताधारी पक्षाचा अधिकारी.

पण याच कादंबरीत विन्स्टनला जाब विचारण्यासारख्या दोन जागा आहेत आणि वाचणारे त्या भरभर ओलांडून जातात. एक आहे त्याचं ऑफिसातलं टेबल. जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर बदलणं ही त्याची नोकरी. मर्जीतून उतरलेल्या एका माणसाचं कौतुक जुन्या भाषणातून पुसायचं असतं, तेव्हा त्या जागी विन्स्टन एक माणूस मनानेच तयार करतो: कॉम्रेड ओगिल्वी. तिसऱ्या वर्षी ढोल, मशीनगन आणि हेलिकॉप्टरची प्रतिकृती सोडून बाकी सगळी खेळणी नाकारणारा. तेविसाव्या वर्षी हिंदी महासागरावर शत्रूची विमानं मागे लागली म्हणून गुप्त कागदपत्रांसकट हेलिकॉप्टरमधून उडी घेणारा. हे लिहिताना विन्स्टनला मजा येते. आयुष्यातला सर्वांत मोठा आनंद त्याला या कामातच मिळतो, असं ऑर्वेल स्वच्छ लिहितात. तिथे उंदीर नाहीत. एका माणसाचं अस्तित्व पुसणारं वाक्य छान जमल्याचं समाधान तेवढं आहे.

दुसरी जागा ओब्रायनच्या घरातली. भूमिगत संघटनेत सामील व्हायला आलेल्या विन्स्टनला ओब्रायन विचारतो, आमच्या कामासाठी गरज पडली तर लहान मुलाच्या तोंडावर सल्फ्युरिक ॲसिड फेकशील का? विन्स्टन हो म्हणतो. ज्यूलियापासून कायमचं वेगळं होण्याला तेवढा दोघांचाही नकार असतो. पुढे तुरुंगात विन्स्टन स्वतःला पक्षापेक्षा नैतिकदृष्ट्या वरचा म्हणवतो, तेव्हा ओब्रायन त्याला याच संभाषणाचं ध्वनिमुद्रण ऐकवतो. जबाबदारीचा प्रश्न ऑर्वेलनी विचारला आहे तो इथे, विन्स्टन मोकळा असताना दिलेल्या उत्तरावर.

आता हेंड्रिक हॉफगेन. 'मेफिस्टो' १९३६ साली ॲमस्टरडॅममध्ये छापली गेली, कारण लेखक १९३३ मध्येच जर्मनी सोडून गेले होते. गुस्ताफ ग्रुंडगेन्स या गाजलेल्या नटावरून हे पात्र बेतलं आहे. ग्रुंडगेन्स हा एकेकाळी क्लाउस मान यांच्या बहिणीचा नवरा होता, त्यामुळे पुस्तकात घरगुती राग किती, असा प्रश्न येतो. रागही असेल, पण पुस्तक त्याच्या पलीकडे जातं. पश्चिम जर्मनीत ग्रुंडगेन्सच्या वारसाने खटला भरला आणि १९७१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने पुस्तकावरची बंदी कायम ठेवली. १९८१ साली एका प्रकाशकाने ते तरीही छापलं.

नाझी सत्तेवर येतात तेव्हा हॉफगेन देशाबाहेर आहे, हे मला या कादंबरीतलं सगळ्यात बोलकं वाटतं. तो पॅरिसमध्ये आहे. पूर्वी डाव्या नाटकवाल्यांत वावरल्यामुळे घाबरलेला आहे. तेवढ्यात बर्लिनहून निरोप येतो की सत्तेतल्या एका बड्या माणसाच्या मैत्रिणीने तुझी रदबदली केली आहे, ये. आणि तो जातो. तिथे कोणी पिंजरा धरलेला नाही. रंगमंच आहे, टाळ्या आहेत, पुढे सरकारी नाट्यगृहाच्या संचालकाची खुर्ची आहे.

हॉफगेन राक्षस नाही, म्हणूनच तो अवघड आहे. ओटो उलरिख्स या आपल्या कम्युनिस्ट मित्राला तो शब्द टाकून कोठडीतून सोडवतो. वांशिक कायद्यांत न बसणाऱ्या माणसाला पदरी ठेवतो. पण हे करताना मनात हिशोब असतो की उद्या वारं फिरलं तर दाखवायला काहीतरी असावं. मदत खरी असते, ती मिळालेला माणूसही खरोखर सुटतो आणि तरीही ती विम्याचा हप्ता असते. चांगुलपणालासुद्धा सत्ता आपल्या कामाला कशी जुंपते, हे इतक्या जवळून मी क्वचित वाचलं आहे. शेवटी हॉफगेन कळवळून म्हणतो की मी तर एक साधा नट आहे, लोकांना माझ्याकडून काय हवंय? साधेपणाचा आडोसा हा वाकलेल्या माणसाचा नेहमीचा आसरा.

आमच्या गटात मी एवढं बोलले, तर काका म्हणाले, "अगं, भीती ती भीतीच. नोकरी जाईल, मुलांचं शिक्षण थांबेल, ही भीती काय खोटी असते?"

"खोटी नाही, काका. पण तिची किंमत माणूस मोजू शकतो. पिंजऱ्यासमोर मोजणारा माणूसच उरत नाही."

काकांचा मुद्दा तेवढ्याने संपत नाही, हे मला मान्य आहे. सर्वंकष हुकूमशाहीत पगार, घर, पासपोर्ट, कॉलेजची जागा, सगळं एकाच हातात असतं, त्यामुळे सोय आणि भीती एकमेकांत मिसळलेल्या असतात. म्हणून "घाबरला होता का?" हा प्रश्न फार उपयोगी पडत नाही. नकार दिला असता तर काय गेलं असतं आणि होकारातून काय मिळालं, हे विचारावं लागतं. आणि नकार स्वस्त होता असा दिवस आधी कधी होता का, हेही.

मिलान कुंदेरांच्या 'द अनबेअरेबल लाइटनेस ऑफ बीइंग'मध्ये (१९८४) हा प्रश्न एका सर्जनपुढे येतो. टोमासने एक लेख लिहिलेला असतो: आपल्याला माहीत नव्हतं, असं कम्युनिस्ट म्हणतात; पण नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ग्रीक कथेतल्या ईडिपस राजालाही माहीत नव्हतं, तरी त्याने स्वतःचे डोळे फोडून घेतले. १९६८ मध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरल्यानंतर त्याला तो लेख मागे घ्यायला सांगतात. तेव्हा हॉस्पिटलातले सहकारी त्याच्याकडे बघून दोन प्रकारे हसतात. ज्यांनी स्वतः असे कागद सही करून दिलेत त्यांना वाटतं, हाही आपल्यातला झाला. ज्यांनी दिलेले नाहीत त्यांच्या हसण्यात वरचढपणा असतो. दोघांनीही त्याची सही गृहीत धरलेली असते. टोमास सही करत नाही, सर्जनचं काम जातं आणि तो खिडक्या पुसू लागतो. कुंदेरा त्याला हुतात्मा करत नाहीत. नकार देता येतो आणि त्याचं बिल येतं, एवढंच ते दाखवतात.

वाकण्याचा अगदी छोटा प्रकार हान्स फालाडांच्या 'जेडर श्टिर्ब्ट फ्युर सिश अलाइन' (प्रत्येक जण एकटाच मरतो) या जर्मन कादंबरीत आहे. फालाडांनी ती १९४६ मध्ये काही आठवड्यांत लिहिली आणि पुढच्या फेब्रुवारीत ते गेले. ओटो आणि एलिझ हाम्पेल या बर्लिनमधल्या खऱ्या जोडप्यावर ती आधारलेली आहे. १९४० ते १९४२ या काळात त्यांनी हिटलरविरोधी मजकुराची पोस्टकार्डं इमारतींमधून ठेवली आणि एप्रिल १९४३ मध्ये त्यांना मृत्युदंड दिला गेला. कादंबरीतलं पहिलं कार्ड सापडतं ते वकिलाकडे निघालेल्या, मर्जीतून उतरलेल्या एका नटाला. वाचताच त्याला घाम फुटतो. आपल्याला कोणी पाहिलं का, याचीच त्याला चिंता. आपल्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीच्या जिन्यात, दोन मजल्यांच्या मध्ये, असं कार्ड पडलेलं डोळ्यांपुढे आणा. उचललं तरी पंचाईत, नाही उचललं तरी पंचाईत. फाडून टाकणं शक्य असतं. पण बहुतेक सगळी कार्डं ज्यांना सापडली त्यांनीच नेऊन दिली. कार्ड लिहिणाऱ्या नवरा-बायकोला मात्र वाटत राहतं की ती हातोहात फिरताहेत. मला या लोकांना हॉफगेनच्या शेजारी बसवावंसं वाटत नाही. त्यांना मिळालं काहीच नाही. पण जिन्यात ते एकटे होते, कोणी बघत नव्हतं, हेही विसरता येत नाही.

आपल्याकडच्या नाटकात हीच गोष्ट विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ने (१९७२) दाखवली. पेशवाईतली सत्ता विसाव्या शतकातल्या हुकूमशाहीसारखी नव्हती, तरी रंगमंचावर ओळीने उभी असलेली ती माणसांची भिंत आठवा. तीच गाते, तीच नाचते, गरज पडली की पाठ फिरवून लपवायचं ते लपवते. घाशीराम मारला जातो, नाना शाबूत राहतात आणि भिंत जागेवरच असते. त्या भिंतीतल्या कुणाला एकट्याला पकडून तू काय केलंस विचारलं, तर तो म्हणेल, मी फक्त उभा होतो.

मोडणं आणि वाकणं एकाच माणसात दाखवणारी कादंबरी आर्थर कोस्लर यांची, 'डार्कनेस ॲट नून' (१९४०). मॉस्कोत १९३६ ते १९३८ मध्ये झालेले खटले तिच्यामागे आहेत. जुना क्रांतिकारक रुबाशोव्ह तुरुंगात आहे, झोपू न देता प्रखर दिव्याखाली त्याची चौकशी होते आणि न केलेले गुन्हे तो कबूल करतो. हे मोडणं. पण त्याआधी, पदावर असताना, त्याची सेक्रेटरी आणि प्रेयसी आर्लोवा हिच्यावर बालंट आलं, तेव्हा त्याने जाहीरपणे हात झटकले होते आणि ती मारली गेली. पक्षासाठी आपण जास्त मोलाचे, हा त्याचा तेव्हाचा हिशोब. तो हिशोब चुकला हे त्याला युक्तिवादाने कळत नाही. बोग्रोव्ह या जुन्या मित्राला फरफटत मृत्यूकडे नेतात आणि तो विव्हळत रुबाशोव्हचं नाव घेतो. तेव्हा पहिल्यांदा रुबाशोव्हला आर्लोवा शेवटच्या वेळी कशी विव्हळली असेल ते ऐकू येतं. खोट्या कबुलीजबाबासाठी मी त्याला दोष देत नाही. आर्लोवासाठी देते, आणि शेवटी तोही स्वतःला देतो.

या कादंबऱ्या वाचायच्या असतील तर क्रम असा ठेवा, असं मी सांगेन: आधी 'मेफिस्टो', मग फालाडा, मग कोस्लर आणि '१९८४' सर्वांत शेवटी. आधीच वाचली असेल तर पुन्हा वाचा. ओगिल्वीचं प्रकरण आलं की थांबा आणि विन्स्टन ते किती आवडीने लिहितोय ते बघा.