टाचणवहीतले रकाने : उद्दिष्ट ते निष्पत्ती

टाचण, म्हणजे तासाआधी वहीत लिहायचा पाठाचा आराखडा, कसे काढतात हे शिक्षकांना सांगायला नको. १९५६ मध्ये अमेरिकेत झालेले शिकवण्याच्या उद्दिष्टांचे वर्गीकरण आपल्याकडे ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य अशा रूपात रुजले आणि बी.एड.च्या पिढ्यान्‌पिढ्या ‘उद्दिष्टे व स्पष्टीकरणे’ (उद्दिष्ट साधले हे विद्यार्थ्याच्या कोणत्या कृतीतून दिसेल, ते) लिहीत राहिल्या. १९८४ पासून पुण्यात दूरचित्रवाणीचे पाठ तयार होऊ लागले. पण ते लागायचे ठरल्या वेळी, त्यामुळे तासाला जुळवून घ्यावे लागे ते टीव्हीशी.

खरा गुंता शब्दांचा. प्रत्येक मुलाला निदान किती यावे हे ठरवणाऱ्या, १९९१ च्या किमान अध्ययन पातळ्यांच्या अहवालानंतर ‘क्षमता’ आली, २०१७ मध्ये ‘अध्ययन निष्पत्ती’, म्हणजे शिकल्यावर मुलाला काय करता येईल ते. उद्दिष्टाची जागा निष्पत्तीने घेतली असे बहुतेकांनी धरले आणि वहीत ०५.७१.०१ असे क्रमांक पडू लागले : इयत्ता, विषय, निष्पत्ती. खाली वाक्य मात्र जुनेच, ‘अपूर्णांकाची संकल्पना समजावून देणे’. हे झाले गुरुजींचे काम. निष्पत्ती म्हणजे मुलाने कागदाला घड्या घालून चार सारखे भाग पाडून त्यातला तीन चतुर्थांश रंगवून दाखवणे. तसे पाहिले तर जुन्या स्पष्टीकरणांतही कर्ता विद्यार्थीच होता, ‘विद्यार्थी फरक स्पष्ट करतो’. ती शिस्त बी.एड.चे सरावपाठ संपले की सुटायची, एवढेच.

नेमक्या याच सुमारास तंत्रज्ञान वर्गात शिरले. सप्टेंबर २०१७ मध्ये दीक्षा हे शालेय शिक्षणाचे सरकारी डिजिटल व्यासपीठ आले, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागले. टाचणात त्यांना जागा मिळाली ती ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात, तक्ता आणि खडूशेजारी. हेच चुकले असे मला वाटते. निष्पत्ती आधी वाचली तर अपूर्णांकाला घडीचा कागद पुरतो. चंद्राच्या कला दाखवायला मात्र व्हिडिओला तोड नाही. पण रकाना भरायचाच म्हटल्यावर दोन्हीकडे लिंक पडते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि क्रमच उलटला. सकाळी गटावर लिंक यायची, तिला साजेशी निष्पत्ती नंतर शोधायची. घरात एकच मोबाइल, तोही कामावर गेलेल्या वडिलांच्या खिशात. अशा मुलाचा तास टाचणात कुठे लिहायचा, याला रकानाच नव्हता.

शाळा उघडल्या तरी लिंका वहीत राहिल्या. दरम्यान २०२१ मध्ये लहान मुलांच्या पायाभूत वाचन-लेखन-गणितासाठीचे निपुण भारत अभियान आले होते, सोबत ‘लक्ष्य’ हा आणखी एक शब्द घेऊन. आता काही वह्यांत उद्दिष्ट, क्षमता, निष्पत्ती आणि लक्ष्य असे चारही शब्द एकाखाली एक दिसतात.