आयर्लंडच्या शाळेत गेलिक की रग्बी, हे नेमकं कधी ठरलं?

मुलगा इथे डब्लिनजवळच्या सेकंडरी शाळेत फर्स्ट इयरला गेला आणि पहिल्याच आठवड्यात गेलिकचा, म्हणजे इथल्या मातीतल्या गेलिक फुटबॉलचा, बॉल घेऊन घरी आला. दिसायला आपल्या फुटबॉलएवढाच पण हातात घेतला की थोडा जड लागतो. त्याचा बिल्डिंगमधलाच मित्र दुसऱ्या शाळेत जातो, तिथे रग्बी. दोघांच्या शाळा जवळजवळ, दोन्ही कॅथलिक, मग हा फरक कशामुळे म्हणून मी वाचायला लागले आणि त्यात गुंतूनच गेले. आज शाळांमधल्या गेलिक फुटबॉलची जी काही अवस्था आहे, ती समजायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावंच लागतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका टीमला 15 जण, बॉल हातात घेऊन पळता येतं पण चार पावलांनंतर जमिनीवर टप्पा द्यायचा किंवा पायाने उडवून परत हातात घ्यायचा (याला सोलो म्हणतात), गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा, बारच्या खालून गेला तर गोल म्हणजे 3 पॉइंट आणि वरून गेला तर 1 (2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर 2). काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याच्या टीमकडून, खेळणाऱ्यांनाही पगार नाही, डब्लिनमधल्या क्रोक पार्कच्या भरलेल्या स्टेडियममध्ये फायनल खेळलेला माणूस सोमवारी वर्गात गणित शिकवत असतो.

आता इतिहास. 1 नोव्हेंबर 1884 ला थर्लस गावातल्या हेज हॉटेलमध्ये जीएए म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. त्यामागचा मुख्य माणूस मायकल कुसॅक, आणि तो होता शिक्षक! डब्लिनमध्ये सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षांची तयारी करून घेणारी त्याची अ‍ॅकॅडमी होती, आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासेससारखीच म्हणा ना. गंमत म्हणजे आधी तो स्वतः रग्बी आणि क्रिकेटचा चाहता, त्याच्या अ‍ॅकॅडमीची रग्बी टीमसुद्धा होती. पण इंग्रजांचे खेळ आले आणि आपले मातीतले खेळ चालले ही गोष्ट त्याला लागली आणि तो पूर्ण फिरला.

पण संस्था निघाली म्हणून खेळ लगेच शाळांमध्ये गेला असं झालं नाही, आणि मला वाटतं खरी मेख इथेच आहे. मोठ्या घरातल्या मुलांच्या बोर्डिंग शाळा चालवणारे जेझुइट फादर, ब्लॅकरॉक कॉलेजवाले (इथे कॉलेज म्हणजे शाळाच) होली घोस्ट फादर, यांनी इंग्लंडमधल्या पब्लिक स्कूलचा नमुना डोळ्यासमोर ठेवला होता, मुलं पुढे वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी होणार, तर खेळ रग्बी आणि क्रिकेटच. लेन्स्टर प्रांताचा शालेय रग्बी कप 1887 लाच सुरू झाला आणि पहिल्या वर्षी तो ब्लॅकरॉकनेच जिंकला. गेलिक फुटबॉलची सगळ्या आयर्लंडची शालेय स्पर्धा व्हायला 1946 उजाडलं! जवळजवळ साठ वर्षांचा फरक, आणि तोही खेळ लोकांमध्ये तुफान चालत असताना.

दुसऱ्या बाजूला ख्रिश्चन ब्रदर्स हा कॅथलिक धर्मसंघ. 1802 मध्ये वॉटरफर्डला एडमंड राइसने गरीब मुलांसाठी सुरू केलेलं काम, त्यातून गावोगावी शाळा झाल्या आणि या ब्रदर लोकांनी गेलिक खेळ मनापासून धरले. पॅट्रिक पिअर्स, ज्याला ब्रिटिशांविरुद्धच्या 1916 च्या उठावानंतर गोळ्या घातल्या, तो त्यांचाच विद्यार्थी, आणि 1908 मध्ये त्याने स्वतः सेंट एंडाज ही शाळा काढली तेव्हा तिथेही आयरिश भाषेबरोबर गेलिक खेळ होतेच. म्हणजे मुलाच्या हातात कुठला बॉल येणार हे त्याच्या आवडीवर नाही तर शाळा कुठल्या धर्मसंघाच्या फादर-ब्रदरनी काढली यावर ठरत गेलं. त्यात 1971 पर्यंत जीएएचा बंदीचा नियम होता, सभासदाने रग्बी, सॉकर, क्रिकेट, हॉकी खेळायचं नाही. त्यामुळे दोन्हीकडच्या भिंती आणखी पक्क्या झाल्या. आपला खेळ वाचवायची तळमळ मला समजते, पण शाळकरी पोराला असं वाटून टाकणं मला आजही पटत नाही.

तिसरा प्रकार बिशपच्या अखत्यारीतल्या बोर्डिंग कॉलेजांचा, आणि शाळांच्या फुटबॉलचा सुवर्णकाळ त्यांनीच घडवला. अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांतात बिशप जोसेफ मॅक्रोरी (नंतर कार्डिनल झाले) यांनी 1923 मध्ये कप दिला, तोच आजचा मॅक्रोरी कप, ज्याची फायनल वर्षानुवर्षं सेंट पॅट्रिक्स डेला व्हायची. दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतात तसाच शालेय कप कॉर्न ई विरी. आणि 1946 पासून सगळ्या प्रांतांचे विजेते ज्यासाठी भिडतात तो होगन कप. पहिली फायनल क्रोक पार्कवर, आर्माच्या सेंट पॅट्रिक्सने गॉलवे काउंटीतल्या ट्यूअमच्या सेंट जार्लॅथ्सला हरवलं, इगी जोन्स नावाच्या टायरोनच्या पोराने तीन गोल मारले आणि जुनी मंडळी अजून त्याबद्दल बोलतात. पुढच्याच वर्षी जार्लॅथ्सने कप नेला. मधे 1949 ते 1956 स्पर्धा बंदच होती, पण तरीही आजपर्यंत जार्लॅथ्सचे 12 होगन कप आहेत, सगळ्यात जास्त.

एकाच शाळेचे इतके का? बोर्डिंग, दुसरं काय! गॉलवे-मेयोच्या खेड्यांतली पोरं आठवडेच्या आठवडे तिथेच राहायची, टीव्ही नाही, घरी जाणं नाही, अभ्यास झाला की मैदान. याचा फायदा थेट काउंटीला मिळायचा. 1960 च्या होगन टीममधला एंडा कॉलरन गॉलवेच्या 1964, 65, 66 अशा सलग तीन ऑल-आयर्लंड (काउंटींमधली सगळ्यात मोठी स्पर्धा) विजयांत होता, नंतरच्या दोन्हीत कॅप्टन. पुन्हा 1994 चा होगन कप जिंकलेला पॅड्रिक जॉइस 1998 ला गॉलवेकडून ऑल-आयर्लंड जिंकला.

मग शिक्षणच बदललं. उत्तर आयर्लंडमध्ये 1947 च्या कायद्याने सेकंडरी शिक्षण फुकट झालं आणि सामान्य कॅथलिक घरांतली मुलं ग्रामर स्कूलमध्ये, म्हणजे परीक्षा देऊन प्रवेश मिळणाऱ्या शाळांमध्ये, पोचली. 1960 मध्ये डाउन काउंटीने सॅम मॅग्वायर कप, म्हणजे ऑल-आयर्लंडचा कप, पहिल्यांदा सीमेपलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये नेला, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक नक्की. पुढे न्यूरीच्या सेंट कोलमन्सने 8 होगन कप घेतले, डेरी काउंटीतल्या मॅहराच्या सेंट पॅट्रिक्सने 1989 आणि 1990 ला लागोपाठ घेतले आणि 1993 ला डेरी पहिल्यांदा ऑल-आयर्लंड जिंकली. तिथे आजही शाळा बऱ्याच प्रमाणात धर्मानुसार वेगळ्या, त्यामुळे प्रोटेस्टंट मुलाच्या शाळेत हा खेळ जवळपास नसतोच. म्हणून अल्स्टर जीएएने कुहुलिन कप काढला, ज्यात दोन्हीकडच्या शाळांची पोरं एकाच टीममध्ये खेळतात. मला तरी हे फार मोलाचं वाटतं.

दक्षिणेत सप्टेंबर 1966 मध्ये शिक्षणमंत्री डोनो ओमॅलींनी फुकट सेकंडरी शिक्षण जाहीर केलं, 1967 पासून ते लागू झालं आणि स्कूलबसही आल्या. पोरं घरून ये-जा करायला लागली, पुढे बोर्डिंग ओसरत गेली, ब्रदर आणि फादरही कमी झाले. गावच्या साध्या शाळाही मग वर आल्या, डिंगलची पोबलस्कॉल खोरका गिव्ना ही तर आयरिश माध्यमाची शाळा, तिने 2014 आणि 2015 असे सलग दोन होगन कप नेले.

मुलींचं सगळं उशिराच. लेडीज गेलिक फुटबॉल असोसिएशन 1974 ला, त्याच हेज हॉटेलमध्ये, मूळ संस्थेनंतर 90 वर्षांनी. आता त्यांच्याही शालेय स्पर्धा आहेत, पण संस्था अजून वेगळी आहे आणि 2027 पर्यंत एकत्र यायचं ठरलंय.

आत्ताच्या दोन गोष्टी मात्र थेट भिडतात. एक म्हणजे वय. 2018 पासून काउंटीची मायनर टीम 18 ऐवजी 17 वर्षांखालची झाली, मुख्य हेतू हा की लीव्हिंग सर्टच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या वर्षात पोरावर शाळा, क्लब, काउंटी असा तिहेरी भार नको. शाळेची सीनियर स्पर्धा मोठ्या वयाचीच राहिली, त्यामुळे शेवटच्या वर्षातल्या पोरासाठी होगनचं महत्त्व उलट वाढलंय.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. ब्रदर शाळेतच राहायचा, संध्याकाळी मैदानावर असायचा. ते काम आता साधे शिक्षक करतात, शाळा सुटल्यावर, पैसे न घेता. आमच्या शाळेतले सर डब्लिनचं भाडं परवडत नाही म्हणून दीड तास गाडी चालवून येतात आणि तरी मंगळवार-गुरुवार पावसात साडेपाचपर्यंत थांबतात. या वर्षी ते गावाकडच्या शाळेत जागा बघतायत. ते गेले तर फर्स्ट इयरची टीम कोण घेणार, हे पालकांच्या मीटिंगमध्ये विचारलं, अजून कुणी नाव दिलेलं नाही.